कुंभारकन्या हसत नाही

सिद्धेश्वरी आळंगेच्या रागाची सोलापूरच्या बाळीवेशीत सगळ्यांना सवय होती. शाळेच्या गॅदरिंगला तिला मागच्या रांगेत उभं केलं, तेव्हा ती चालू गाण्यात स्टेजवरून उतरली, घुंगरांसकट घरापर्यंत चालत आली आणि वडिलांच्या भुसार दुकानात ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसली. वडील गुरुबसप्पा गिऱ्हाईकाला म्हणाले, "पोरगी तापलीया. तुमी जरा पलीकडच्या पोत्यातली ज्वारी बघा."

तिचा सगळ्यात जुना राग मात्र एका नवरीसाठी होता.

संक्रांतीला सिद्धेश्वरांची जत्रा भरते. सिद्धेश्वरांवर एका कुंभाराच्या मुलीचं मन बसलं, ते योगी म्हणून त्यांनी नकार दिला, आणि तिचा हट्ट मोडेना तेव्हा आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली, आणि लग्नानंतर ती सती गेली, अशी ती कथा. त्या लग्नासाठी पांढऱ्या बाराबंदीतले पुरुष उंचच उंच नंदीध्वज, म्हणजे त्या योगदंडाच्या जागी मानलेल्या काठ्या, तोलत रस्त्यानं निघतात, अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर कडब्याची नवरी करतात, तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात आणि अग्नी देतात. वडिलांच्या खांद्यावर बसून छोट्या सिद्धेश्वरीनं ते पाहिलं आणि विचारलं, "अप्पा, तिला इचारलं का?"

"कुणाला?"

"नवरीला. जळायचंय का म्हणून."

"देवाच्या गोष्टीत असं इचारत न्हाईत."

शेजारी उभी असलेली आई, शिवम्मा, म्हणाली, "ती आपल्या खुशीनं गेली, बाळ."

"खुशीनं कोण जळतं?" पोरीनं एवढ्या मोठ्यानं विचारलं की चार माणसं मागं वळून बघू लागली. आईनं तिच्या पोटरीला चिमटा काढला आणि कानडीत म्हणाली, "सुम्न कुंदर." गप बस. पुढं आयुष्यभर हे दोन शब्द तिला बऱ्याच जणांनी बऱ्याच भाषांत ऐकवले.

नाच ती सोलापुरातच शिकली, भरतनाट्यमच्या क्लासात. बारावीनंतर एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसवेश हिरेमठ आले. मूळचे अक्कलकोटकडचे, पुण्यात त्यांची बॅलेची संस्था. आपल्याकडचं शास्त्रीय नृत्य, लोकनृत्य आणि युरोपातला बॅले एकत्र करून ते मोठमोठी नृत्यनाट्यं बसवत. स्पर्धा संपल्यावर ते थेट आळंग्यांच्या घरी आले, स्वयंपाकघरात पाटावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि शिवम्माशी अस्खलित कानडीत बोलले. "अव्वा, ही पोरगी माझ्या हवाली करा. हिला मी घडवतो." गुरुबसप्पा नाही म्हणणार होते. पण कानडी बोलणारा, पाटावर बसणारा, विभूती लावणारा माणूस म्हटल्यावर शिवम्मा विरघळली.

पुण्यात रोज सकाळी भिंतीलगतच्या लाकडी दांड्याला धरून सराव चाले. पाय बाहेर वळवायचे, गुडघे वाकवायचे, पंजाच्या टोकावर उभं राहायचं. सिद्धेश्वरीचे पाय रुंद, अनवाणी आपटायची सवय असलेले. कडक बुटांत बोटं सोलून निघायची. ती बोटांना पट्ट्या गुंडाळायची आणि पुन्हा उभी राहायची. बाकीच्या मुली रडायच्या. ती चिडायची, आणि चिडली की तिची उडी उंच जायची. हे सरांच्या लगेच लक्षात आलं होतं. उंच उडी हवी असली की ते मुद्दाम तिला टोचून बोलायचे.

भूमिका मात्र तिच्या वाट्याला यायच्या त्या अशा: लाट, झाड, वादळात पडणारं घर. 'समुद्रमंथन' बसवलं तेव्हा ती वासुकीची शेपटी होती. तिनं एकदा धीर करून विचारलं, "सर, मी मोहिनी करू?"

सरांनी तिच्याकडं डॉक्टर बघतो तसं पाहिलं. "तुझी ताकद पायात आहे, सिद्धी. चेहरा नायिकेचा नाही. काय करणार?"

काळी म्हणायचं नव्हतं त्यांना, म्हणून ते चेहरा म्हणाले. तिला ते कळलं. त्या दिवशी शेपटीनं असा काही फटकारा मारला की वासुकीच्या पोटातली मुलगी तोल जाऊन पडली.

बरीच वर्षं गेली. एकदा हलाहल करणारी मुलगी आजारी पडली आणि ते विष सिद्धेश्वरीला मिळालं. सागरातून वर येणारं, देव-दानव दोघांनाही पळवून लावणारं विष. तिनं ते असं नाचलं की लोक अमृत विसरले. प्रयोगानंतर म्हाताऱ्या बाया आत येऊन विचारायच्या, "ते विष झालेली कुठली गं?" सर हसून म्हणायचे, "आमच्या सोलापूरची. तिकडं ऊन फार." सगळे हसायचे. सिद्धेश्वरी हसायची नाही.

मग तिनं 'कुंभारकन्या' बसवली. जेवणानंतर बाकीचे सगळे आडवे व्हायचे तेव्हा ती सरावाच्या खोलीत एकटी काम करायची. जत्रेत पुरुष ज्या काठ्या कमरेशी टेकवून, आभाळाकडं बघत, पायाखालचा रस्ता न बघता तोलत नेतात, तशी एक लांब वेळूची काठी तिनं नवरीच्याच हातात दिली. आपला नवरा आपणच तोलत नेणारी नवरी. पंजावर उभं राहायचं, वर शेंड्याकडं बघायचं आणि चालायचं. ते जमायला तिला एक पावसाळा लागला. लग्नाच्या प्रसंगासाठी तिनं आईकडून फोनवर कानडी हळदीचं गाणं म्हणवून रेकॉर्ड करून घेतलं, ताल नाही, पेटी नाही, नुसता गळा. आणि शेवट? कडब्याच्या नवरीला चेहरा नसतो. सिद्धेश्वरीनं तिला चेहरा दिला. आग लागते, नवरी खाली बसते, मान वर करते आणि समोर बसलेल्या माणसांकडं एकेक करून बघते. रडत नाही, हसत नाही. दिवे जाईपर्यंत बघत राहते.

सरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "हे आपण करतोय." त्या 'आपण'वर ती इतकी खूश झाली की तिला राग यायचाही राहून गेला.

नायिका ती झाली. 'कुंभारकन्या' गावोगाव गेली, वर्तमानपत्रांत फोटो आले. सगळं नीट चाललेलं असताना एका प्रयोगात उडीवरून उतरताना तिचा गुडघा आतून काडी मोडावी तसा वाजला. ऑपरेशन झालं. ती सोलापूरला आईकडं आली. वडील तोवर गेले होते, दुकान धाकटा भाऊ मल्लेश बघत होता.

"बरी हो," सर फोनवर म्हणाले. "रोल तुझाच आहे."

बरं व्हायला लागल्यावर एके दिवशी मोबाइलवर तिला पोस्टर दिसलं. काठी घेतलेली एक गोरी, लांब मानेची मुलगी. कुंभारकन्या: आरोही. खाली, संकल्पना, नृत्यरचना, दिग्दर्शन: बसवेश हिरेमठ. सिद्धेश्वरीचं नाव कुठंच नव्हतं. सहकलाकारांतसुद्धा नाही.

तिनं फोन लावला. "सर, रचना कुणाची?"

"अगं, संस्थेत झालेलं काम संस्थेचं असतं."

"मग संस्थेचं नाव घाला. संस्थेचं नाव बसवेश आहे का?"

"तू आत्ता चिडलेली आहेस. औषधं चालू आहेत ना?"

तिनं फोन ठेवला नाही, फेकला. मल्लेशनं तो पोत्यांच्या मागून शोधून आणला. एका वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, काही लिहून ठेवलंय का, करार वगैरे? नाच कुणी लिहून ठेवतं का?

दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिनं मुलींचा क्लास काढला. शिकवताना ओरडायची, पण क्लास सोडून कुणी जात नसे, कारण ती ओरडली की पाय खरंच बरोबर पडायचा. गुडघा साथ देईल तेवढं करून दाखवायची. उडी गेली होती. राग तेवढा शाबूत होता.

जत्रेच्या आधीच्या महिन्यात 'कुंभारकन्या' सोलापुरात येणार असल्याचे फलक लागले आणि पाठोपाठ बसवेश सर घरी आले. बरोबर आरोही. सर पहिल्यासारखेच पाटावर बसायला निघाले, पण आता त्यांना बसता येईना, तेव्हा मल्लेशनं खुर्ची दिली. शिवम्मानं भाकरी वाढली.

"अव्वा, तुमच्या हाताची चव पुण्यात नाही," सर कानडीत म्हणाले. मग सिद्धेश्वरीकडं वळून मराठीत, "प्रयोगाच्या शेवटी तुझा सत्कार ठेवलाय. तुझ्या गावात, तुझ्या माणसांसमोर. आणि एक छोटं काम आहे. आरोहीला काठीचा तोल जमत नाही. तू दोन दिवस बघितलंस तर…"

सिद्धेश्वरी आरोहीला म्हणाली, "वर चल."

वरच्या खोलीत कोपऱ्यात काठी उभी होतीच. आरोहीनं ती घेऊन पावलं टाकली. मुलगी मेहनती होती, पाय स्वच्छ पडत होते, पण नजर राहून राहून खाली जायची आणि काठी डुलायची. सिद्धेश्वरीनं ते पाहिलं आणि त्याबद्दल काहीच बोलली नाही.

"शेवट करून दाखव."

आरोही बसली. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि चेहऱ्यावर एक गोड, शांत हसू आणलं.

"हे काय?"

"ताई, सर म्हणाले, ती धन्य झाली. वरून पाकळ्या पडतात तेव्हा."

"पाकळ्या?" सिद्धेश्वरीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "तिला जाळतायत आणि वरून पाकळ्या? तू हसतेस? तुला गॅसचा चटका बसला तर तू हसतेस का गं?"

आरोहीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर जिन्यावरून धापा टाकत वर आले. "सिद्धी, तिला कशाला? लोक पाहून घरी जातात तेव्हा त्यांना प्रसन्न वाटायला हवं. तू केलेल्या शेवटानं माणसं अस्वस्थ व्हायची. प्रयोग लावणारे कुरकुर करायचे."

"अस्वस्थ व्हावीत म्हणूनच केला होता."

"काळाप्रमाणं बदल करावे लागतात."

"मग स्वतःचं काहीतरी करून बदला की! माझं घेतलंत. नाव पुसलंत. तेही मी गिळलं असतं एकवेळ. पण तिला हसवलीत तुम्ही. ह्या पोरीचा गोरा चेहरा घेऊन तिला हसवलीत. शेवट परत होता तसा करा, मी आत्ता काठी शिकवते. मला नाव नको, सत्कार नको."

सरांनी एकदा आरोहीकडं, एकदा काठीकडं पाहिलं. खरंच विचार करत होते की काय कोण जाणे. मग म्हणाले, "ते शक्य नाही."

"मग उठा."

खाली शिवम्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "घरी आलेल्या माणसाला असं बोलत्यात व्हय? भाकर अर्धी ऱ्हायली की त्यांची."

"ऱ्हाऊ दे," सिद्धेश्वरी म्हणाली.

तिला प्रयोगाला जायचं नव्हतं. मल्लेश आणि आईनं नेलं. रविवारी दुपारचा प्रयोग, नाट्यगृह भरलेलं, अर्धे लोक ओळखीचे. काठीच्या प्रसंगाला आरोही डगमगली, तसे दिवे मंद झाले आणि धूर सोडला. सिद्धेश्वरी दात-ओठ खात बसली. मग लग्नाचा प्रसंग आला आणि सगळ्या नाट्यगृहात शिवम्माचा गळा घुमला.

"अगं बया, हे तर मी!" शिवम्मा हरखून म्हणाली. आजूबाजूच्या बायका बघू लागल्या. "माझंच गाणं हाय हे. हितं माझं नाव हाय का गं कुटं?"

"नाही."

"तुझं?"

"नाही अव्वा. केव्हापासून तेच सांगते."

शेवट आला. आरोही हसली, पाकळ्या पडल्या, टाळ्या कडाडल्या. लोक उभे राहिले. सिद्धेश्वरीला वाटलं, आपल्याच अंगावर कुणीतरी शालू घालतंय आणि काडी ओढतंय.

मग सर पुढं आले आणि भरल्या आवाजात तिचं नाव घेतलं. संस्थेची ज्येष्ठ कलावंत, या मातीची लेक, जिनं ही भूमिका एकेकाळी गाजवली. शाल आणली गेली. सगळ्या माना वळल्या. सिद्धेश्वरी हाताची घडी घालून बसून राहिली. सरांनी पुन्हा नाव घेतलं. कुणीतरी म्हणालं, "जा की ताई." ती हलली नाही. शाल हातात घेऊन सर उभे होते, त्यांचं हसू हळूहळू वाळत चाललं होतं, आणि सगळं नाट्यगृह चुळबुळ करायला लागलं.

आणि तेवढ्यात मल्लेश उठला. तरातरा चालत स्टेजवर गेला, वाकून नमस्कार केला, शाल अंगावर घेतली, नारळ घेतला आणि फोटोसाठी सरांच्या शेजारी उभा राहिला. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना रिक्षात तिनं त्याला फाडून खाल्लं. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"अक्का, लोकं बघत होती. किती वेळ तो माणूस उभा ऱ्हाणार? मी तुझ्या वतीनं घेतली."

"माझ्या वतीनं! आयुष्यभर लोकांनी माझ्या वतीनंच घेतलं सगळं. तू तरी माझा नकार माझ्यासाठी ठेवायचास की रे!"

मल्लेशचा चेहरा पडला. साधा माणूस, लाज वाटली म्हणून उठला होता. आपण त्याच्यावर का ओरडतोय हे तिलाही कळत होतं, पण ज्याच्यावर ओरडायचं तो एव्हाना हॉटेलात चहा पीत असणार.

घरी आल्यावर शिवम्मानं पदर खोचला आणि म्हणाली, "तू तुझं कर. तुझा शेवट. गाणं मी म्हणते, समोर बसून. बघू कोण माझा गळा नेतो ते."

सिद्धेश्वरी आईकडं बघतच राहिली. गप बस म्हणणारी बाई ही.

ते सोपं गेलं नाही. क्लासातल्या काही आयांनी मुली काढून घेतल्या; देवाच्या कथेत वाकडं काही नको म्हणाल्या. एका सभागृहानं तारीख दिली आणि नंतर दुरुस्तीचं कारण सांगून परत घेतली. दुकानात येऊन एक ओळखीचे गृहस्थ मल्लेशला समजावून गेले, की बहिणीला आवर. मल्लेश त्यांना म्हणाला, "ज्वारी पाहिजे असली तर बोला." अक्काला त्यानं हे सांगितलं नाही. शिवम्मानं सांगितलं.

शेवटी जत्रा होऊन गेल्यावर, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दुकानाच्या वरच्या खोलीतच 'कुंभारकन्या' झाली. राहिलेल्या मुली, त्यांच्या आया, गल्लीतल्या बायका, मागं दाराशी उभे काही पुरुष. उड्या नव्हत्याच. पंजावर उभं राहणं गुडघ्याला झेपणारं नव्हतं, म्हणून सिद्धेश्वरी अनवाणी, सपाट पायांनी काठी घेऊन चालली, आभाळाच्या जागी पत्र्याकडं बघत. शिवम्मा भिंतीला टेकून गात होती. मध्ये खोकली आणि पुन्हा गायला लागली. शेवटी सिद्धेश्वरी खाली बसली. बसताना गुडघ्यातून कळ गेली, ती तिनं चेहऱ्यावर येऊ दिली नाही. मान वर केली आणि बघायला लागली. समोरच्या बाईकडं. तिच्या शेजारच्या बाईकडं. दाराशी उभ्या पुरुषांकडं. एका म्हाताऱ्यानं नजर वळवली आणि चपला शोधू लागला.

टाळ्या फारशा झाल्या नाहीत. एक बाई जाताना म्हणाली, "लई कसंतरी झालं बघा." सिद्धेश्वरीला वाटलं, आत्तापर्यंत आपल्याला मिळालेली सगळ्यात खरी दाद ही.

जिन्यात तोंडाला ओढणी गुंडाळून एक मुलगी उभी होती. आरोही. पुण्याहून सकाळच्या गाडीनं आली होती. वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. सिद्धेश्वरीनं तिला थांबवलंही नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता.

उन्हाळ्यात एके दुपारी सरांचा फोन आला. कधी नव्हे ते ते ओरडत होते. "फूस लावलीस तू त्या पोरीला! कोल्हापूरच्या प्रयोगात ऐनवेळी शेवट बदलला तिनं. पाकळ्या पडतायत आणि ही डोळे उघडून लोकांकडं बघतीय! काढून टाकलीय मी तिला."

"मी एक शब्द बोलले नाही तिच्याशी," सिद्धेश्वरी म्हणाली. "आणि सर, तुमचं प्रेशर वाढेल. औषधं चालू आहेत ना?"

त्यांचा फोन ठेवून तिनं लगेच आरोहीला लावला आणि भडिमार सुरू केला. "अक्कल आहे का तुला? कुणी सांगितलं होतं हे धंदे करायला? बावीस वर्षांची तू, अजून सगळं आयुष्य नाचायचंय तुला, आणि हातातला रोल घालवून बसलीस? मला वीस वर्षं लागली तिथं पोचायला! आता घरी बसून काय करणारेस, भांडी घासणारेस?" श्वास संपेपर्यंत ती बोलली.

मग आरोही म्हणाली, "बेंगळुरूच्या एका संस्थेत बोलावलंय, ताई. बघू. पण तुम्ही एवढं सगळं बोललात, शेवट कसा झाला ते विचारलंच नाही."

सिद्धेश्वरी दुकानाच्या पायरीवर बसली. रस्त्यावर ऊन रटरटत होतं. मल्लेश आतून हातानंच विचारत होता, कोण?

"बरं, सांग," ती म्हणाली. "नजर कुठून सुरू केलीस? आणि खरं सांग, पापणी हलली का?"